वावरातल्या आणि पेटीतल्या वस्तूंपासून घरच्या भेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात कोणाकडे कार्यक्रम निघाला की दोन-तीन दिवसांत कोणीतरी दारात येतंच. बारसं असतं, डोहाळजेवण असतं, नाहीतर पोरीचं लग्न. "विकतचं नाही न्यायचं, घरचं काय करून देऊ?" असं विचारतात. इतकी वर्षं तोंडी सांगत आले, आता लिहून ठेवते. एक गोष्ट आधीच सांगते. घरची वस्तू कार्यक्रम ठरल्यावर सुरू होत नाही. तिचं साहित्य शिवारात तयार होतं तेव्हाच ती सुरू होते. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत महिना आधी येईल आणि कृती नंतर.

आमच्या गावात साधं स्टेशनरीचं दुकानही नाही. साहित्य आणायचं कुठून?

वावर, धुरा (शेताचा बांध), कोठा (गुरांचा गोठा) आणि आईची जुनी पेटी, एवढ्यात निम्म्याहून जास्त मिळतं. सीतादही, म्हणजे कापूस वेचायला लागतानाची पूजा, झाली की पहिल्या वेच्यातला दोन-तीन किलो कापूस बाजूला काढून ठेवा. तो लांब धाग्याचा आणि पांढराशुभ्र असतो. शेवटचा फरदडीचा कापूस आखूड आणि कवडीचा (डागाळलेला) निघतो, तो हातकामाला घेऊ नका. तूर सोंगून झाली की सरळ, बोटाएवढ्या तुऱ्हाट्यांची (तुरीच्या वाळक्या काड्यांची) एक पेंढी कोठ्याच्या आढ्याला बांधा. फाल्गुनात पळसाची गळलेली फुलं वेचून सावलीत वाळवा. बाभळीचा डिंक उन्हाळ्यात धुऱ्यावर सापडतो. लुगडं फाटलं तर पुसणं करण्याआधी त्याचा काठ कापून ठेवा.

आमच्या घरी यासाठी पत्र्याची एक पेटी वेगळीच आहे. वर्षभर तिच्यात थोडं थोडं पडत राहतं. ज्या घरात अशी पेटी आहे त्या घराला कार्यक्रमाची धांदल होत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

"बाई, माही वस्त्रमाळ काहून तुटते?"

दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आधी हा प्रश्न येतो. कारण तीनपैकी एक असतं.

पहिलं म्हणजे कापूस. औषधाच्या दुकानातला गुंडाळीचा कापूस जखमेसाठी केलेला असतो. त्यातला तेलकटपणा धुऊन काढलेला असतो, त्यामुळे तंतू एकमेकांवरून निसटतात. घरच्या बोंडातला, हाताने सरकी काढलेला कापूस धरून राहतो. सरकी काढताना कापूस ओरबाडू नका. बी एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताने तंतू एकाच बाजूला ओढा. लांबी शाबूत राहते.

दुसरं कारण पीळ. कापूस पिंजून करंगळीएवढा जाड पेळू (लांब वळी) करा. बोटभर अंतर सोडून ओल्या चिमटीत धरायचं आणि पीळ द्यायचा. पाणी चालतं, दुधाने जास्त घट्ट बसतं. पीळ प्रत्येक वेळी एकाच दिशेने हवा. एक मणी उजवीकडे आणि दुसरा डावीकडे पिळला तर दुसरा पहिल्याला उकलतो. नवी शिकणारी बाई माळ फिरवून दुसऱ्या टोकाने धरते आणि तिथेच चुकते. सुरुवात केली ते टोक शेवटपर्यंत त्याच हाताला ठेवा.

तिसरं कुंकू. पाण्यात कालवलेलं कुंकू कापसात पसरतं आणि गाठ ओली राहून सुटते. दाट डिंकात कुंकू कालवा, काडीने फक्त पिळाच्या जागी ठिपका द्या. माळ सावलीत दोरीवर वाळू द्या.

टिकल्या, जरी, मोती लावायचे की नाही हा आवडीचा प्रश्न आहे. मला स्वतःला नुसता पांढरा कापूस आणि लाल ठिपके यापेक्षा सुंदर काही दिसत नाही.

पाहुण्यांच्या स्वागताला फुलांच्या हाराऐवजी काय करता येईल?

सूतमाळ. वर्धा-सेवाग्रामकडे पाहुण्याचं स्वागत सुताच्या हाराने करण्याची पद्धत आहे. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला आले. 1938 मध्ये वर्ध्याला मगन संग्रहालय सुरू झालं, तिथे खादी आणि ग्रामोद्योगाच्या वस्तू आजही पाहायला मिळतात. कधी वर्ध्याला गेलात तर लेकरांना घेऊन एक चक्कर मारा.

घरी चरखा नसला तरी टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीवर, सूत निघतं. टकळीही नसली तर पांढरं जाड सुती दोऱ्याचं रीळ घ्या. दोन पाट्यांच्या कडांवर किंवा खुर्चीच्या पाठीवर दोऱ्याचे शंभर-सव्वाशे वेढे घ्या, एका जागी रंगीत दोऱ्याने घट्ट बांधा आणि खाली त्याच सुताचा गोंडा लावा. तासाभराचं काम आहे. हार कोमेजत नाही आणि पाहुणा घरी गेल्यावर तो सूत म्हणून वापरता येतो. शाळेतले गुरुजी निवृत्त झाले तेव्हा आमच्या गटाने असे बारा हार केले होते. पहिल्यांदा हाताने काही करणाऱ्याला मी हीच वस्तू सुचवते.

सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं दुपटं करायचं आहे. किती थर घ्यायचे, टाका कोणता?

बाळ कधी येणार ते आधी सांगा. आपल्याकडे पौषात थंडी हाडात शिरते आणि वैशाखात पारा 45 अंशांना टेकतो. हिवाळ्यातल्या बाळाला चार थर, उन्हाळ्यातल्याला दोनच. माप साधारण मीटरभर लांब, तेवढंच रुंद. एका नऊवारी लुगड्यात चार थर बसतात आणि काठ वर उरतो.

लुगडं सुती आहे का ते तपासा. कडेचा एक धागा काढून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा वितळून टोकाला कडक गोळी होते. त्यातलं काहीही बाळाच्या अंगाखाली नको, घाम शोषला जात नाही.

रंग जातो का हेही बघा. कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल ठेवा आणि गरम इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर ते कापड आतल्या थरालाही घेऊ नका. माझ्या भाचीच्या पहिल्या दुपट्याला मी लाल काठ लावला आणि ही परीक्षा केली नाही. पहिल्याच धुण्यात सगळं दुपटं गुलाबी झालं आणि बाळाच्या झबल्यांनाही डाग पडले. बाळाची आई काही बोलली नाही, पण पंधरा दिवसांची मेहनत पेटीच्या तळाला गेली. तेव्हापासून इस्त्रीशिवाय मी सुई धरत नाही.

आता टाका. थर स्वच्छ जमिनीवर एकावर एक अंथरा, चारी कडांना वजन ठेवा. मधून बाहेर लांब कच्चे टाके घाला, म्हणजे सुरकुत्या कडेला ढकलल्या जातात. मग पक्का धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत जा. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर पुरतं. दोरा दुहेरी, गाठ थरांच्या आत लपवलेली. शेवटी कच्चे टाके उसवून टाका. रोज दुपारी दोन तास बसलात तर दहा-बारा दिवस लागतात. म्हणून सातव्या महिन्याच्या ओटीला सुरुवात करा, बारशाच्या आठवड्यात नाही.

चमकी, मोती, गोंडे, बटणं काही लावू नका. लेकरू पहिल्यांदा तोंडातच घालतं. आजीच्या लुगड्याचा काठ एका बाजूला ठेवा, तो डोक्याकडे येईल असा. बाळाला पहिलं कापड जुनं घ्यावं असं म्हातारी माणसं सांगतात. शेकडो धुण्यांनी मऊ झालेल्या लुगड्याला हात लावून बघा, मग ते का सांगतात ते कळतं.

तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लेकरांच्या पोळ्यासाठी, मातीचा बैल केला की दरवेळी तडकतो. काय चुकतं?

माती चुकते आणि दिवस चुकतात.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच बैलाच्या पाठीवर लहान प्रमाणात होतं. नुसत्या काळ्या मातीचा बैल टिकणारच नाही. कुंभाराकडून किंवा नाल्याच्या काठची गाळाची माती मिळाली तर ती घ्या. काळीच असेल तर चाळून दोन वाटे माती, एक वाटा चाळलेली राख किंवा बारीक वाळू, त्यात मूठभर ताजं शेण आणि कापसाचे तुटके तंतू मिसळा. तंतू भेगेला धरून ठेवतात. हा गोळा ओल्या गोणपाटाखाली दोन दिवस मुरू द्या.

बैल भरीव करू नका. जाड भाग बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो, मग फुटतो. तणसीची (भाताच्या पेंढ्याची) दोरी वळून तिची घट्ट गुंडी करा आणि तिच्यावर बोटभर जाडीची माती चढवा. माती आकसली तरी तणस दबते. पायांत तुऱ्हाटीचे तुकडे घालायचे असतील तर त्यांना आधी सुतळी गुंडाळा. उघड्या लाकडावर माती आकसली की लाकूड हटत नाही आणि माती फाटते. शिंगांत खराट्याची एक बारीक काडी पुरे.

दिवसांचं म्हणाल तर पोळा श्रावण अमावास्येला येतो. हवा दमट, ऊन चार घटका. पोळ्याच्या आठवड्यात केलेला बैल वाळत नाही म्हणून लोक चुलीजवळ ठेवतात आणि तिथेच तो तडकतो. नागपंचमीला बैल करा. मधे पंचवीस दिवस मिळतात. पहिले चार दिवस ओल्या फडक्याखाली, पुढे सावलीत, शेवटी कोवळ्या उन्हात. बारीक भेग पडलीच तर त्याच मातीची पातळ रबडी डिंकात कालवून बोटाने भरा.

सजवायला चुना, गेरू आणि हळद घरात असते. झूल लुगड्याच्या काठाची, कपाळाला बेगडीचं बाशिंग. चाकं लावायची असतील तर एक गोष्ट कळकळीने सांगते. फवारणीच्या डब्यांची आणि बाटल्यांची झाकणं वापरू नका, कितीही धुतली तरी नाही. 2017 च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती झाकणं लेकराच्या हातात जाण्याची वस्तू नाही. वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या चकत्या किंवा सुताराकडून कापून आणलेले लाकडी तुकडे घ्या.

भुलाबाईच्या माखराला ज्वारीचे धांडे (ताटं) मिळत नाहीत. दुसरं काय लावता येईल?

खरं आहे, आमच्याकडेही ज्वारीची जागा सोयाबीन आणि कपाशीने घेतली. पूर्वी भादव्यात कोणाच्याही वावरातून पाच धांडे आणता यायचे, आता शोधावे लागतात. आधी विचारून बघा. जनावरांच्या चाऱ्यासाठी कोणीतरी धुऱ्याकडेला चार ओळी पेरलेल्या असतात आणि भुलाबाईसाठी कोणी नाही म्हणत नाही.

नाहीच मिळाले तर गेल्या वर्षीच्या तुऱ्हाट्या काढा. भादव्यात नव्या तुरीला अजून फूलही नसतं, म्हणून आढ्याला पेंढी बांधून ठेवायला वर सांगितलं. पाच तुऱ्हाट्या रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवल्या की थोड्या वाकतात. खाली पाच जागी मातीच्या गोळ्यात रोवा, वर एकत्र बांधा, सांध्याला झेंडू लावा. महिनाभर, कोजागिरीपर्यंत उभं राहायचं आहे, तेव्हा बांधणी सुतळीचीच हवी.

भुलाबाई आणि भुलोजी (मातीच्या मूर्ती) कुंभाराकडून आणले तरी मागचा पडदा पोरींनाच करू द्या. आणि खिरापतीच्या डब्याला जुन्या कापडाचं एक टोपण शिवा, म्हणजे आत काय आहे ते पोरींना वासावरून लवकर ओळखता येत नाही!

पळसाच्या फुलांचा रंग कापडावर टिकतो का?

नुसता उकळून चढवला तर दोन धुण्यांत जातो. तुरटी लागते. 100 ग्रॅम कोरड्या सुती कापडाला 20 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा आणि कापड त्यात रात्रभर भिजवा. दुसऱ्या भांड्यात कापडाच्या वजनाएवढी तरी वाळलेली फुलं तासभर मंद उकळा, गाळा आणि त्या पाण्यात कापड तासभर गरम ठेवा. पिवळा येतो. त्याच पाण्यात चुन्याची निवळी थोडी घातली की नारिंगीकडे झुकतो. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडी कढईत रंग काळवंडतो.

तरीही कडक उन्हात तो हळूहळू फिका होतो. म्हणून मी रुमाल, बटव्याचं अस्तर, नवरदेवाच्या हातातला शेला अशा थोडा वेळ वापरायच्या वस्तूंना तो देते. धुवायला रिठा, वाळवायला सावली.

हलव्याचे दागिने करताना दाणा फुटतो.

सुईने टोचत असाल. दाणा टोचायचा नसतो. दोऱ्याची सैल गाठ करून तिच्यात दाणा धरायचा आणि गाठ आवळायची. मंगळसूत्र, हार, बांगड्या सगळं असंच. रुंद दागिन्याला पुठ्ठ्यावर काळं कापड लावून डिंकाने दाणे बसवा. हलवा घरी करत असाल तर कोरड्या थंडीचा दिवस निवडा, आभाळ आलं की काटा येत नाही.

बोरन्हाणाचे दागिने फोटो झाल्याबरोबर काढून घ्या. वर्षाच्या लेकराच्या घशात हलव्याचा दाणा आणि शेंगदाणा दोन्ही अडकू शकतात. ओतायच्या बोरांतही मोठी बोरं घ्या आणि कोणीतरी एकीने फक्त बाळाच्या तोंडाकडे लक्ष ठेवावं.

रुखवतात थर्माकोलचे देखावे नको आहेत. काय मांडू?

वळवट, म्हणजे रव्याचे हाताने वळलेले प्रकार, मांडा! गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे, बारीक काडीवर गुंडाळून केलेले सरगुंडे. बोटांच्या चिमटीतून निघणारी ही नक्षी कोणत्याही देखाव्याला भारी आहे आणि नंतर तिची खीर होते, सरगुंडे आमरसाबरोबर खाल्ले जातात. थर्माकोलचा देखावा चार दिवसांनी उकिरड्यावर पडतो.

रवा घट्ट भिजवून तास-दोन तास मुरवा. चार रंग हवे असतील तर हळद, बीटाचा रस, पालकाचा रस आणि एक पांढरा. सावलीत, पातळ कापडाखाली वाळवा, उन्हात तडे जातात. चैत्रात पाच-सहा जणी एका दुपारी बसल्या तर एका लग्नाचं होतं. नव्या सुपात मधे मालत्या, भोवती नखुल्यांचे फेर, कडेला गव्हल्यांची वेल. सुपाच्या काठाला लाल कापड शिवा. बुरूडकाम करणारे घर गावात असेल तर सूप त्यांच्याकडूनच घ्या.

सरगुंड्यांच्या बाबतीत एकच सांगते. काडी पिठात बुडवून घ्या, नाहीतर निघताना सगळे उलगडतात.

पोरींना लाल-काळ्या गुंजांची माळ करून देऊ का?

नको. गुंजेच्या आत जहाल विष असतं. अख्खी गुंज वरच्या कडक सालीमुळे शांत असते, पण माळेसाठी भोक पाडलं की ते आवरण फुटतं. एरंडीच्या बियाही नकोत. दोडक्याच्या, टरबुजाच्या बिया घ्या, ओल्या असतानाच सुई जाते. चिंचोका दोन दिवस भिजवल्यावर दाभणाने टोचता येतो. पळसाच्या पाण्यात टरबुजाच्या बिया रंगवल्या की राखीला फार शोभतात. बांबू हाताशी असेल तर राखीला त्याची पातळ काप लावा. मेळघाटात लवाद्याला बांबूच्या किती नाजूक राख्या होतात!

घरचा चिकटवायचा डिंक कसा करायचा?

बाभळीच्या डिंकाचे खडे रात्रभर दुप्पट पाण्यात, सकाळी गाळून घ्या. कागदाला मैद्याची खळ पुरते, पण ती त्या दिवशीच संपवा. जुनी माणसं खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद (निळा खडा) घालत. तो विषारी आहे. लेकरं जवळ बसतात तिथे वापरू नका.

लेकींना सासरी परत जाताना वानोळा (घरच्या पिकाची भेट) द्यायचा आहे. पिशवी कशी सजवू?

लुगड्याच्या काठाचा बटवा. हातभर काठ दुहेरी घ्या, दोन बाजू शिवा, वर दोरीची नेफापट्टी. आत तीळ, मुगाची डाळ, लाल मिरच्या, जे वावरात झालं ते. तोंडाला तुमच्या घरच्या कापसाचा गोंडा. ओलसर काही द्यायचं असेल तर पळसाच्या पानांचा द्रोण, कडुनिंबाच्या काडीने टाचलेला. पळसपान वाळलं असेल तर पाण्यात घटकाभर बुडवा, पुन्हा वाकतं.

माझ्या आईने दिलेल्या बटव्यातलं धान्य केव्हाच संपलं. बटवा मात्र अजून सुईदोरे ठेवायला आहे.

लेकरांना कोणतं काम द्यावं?

होळीच्या चाकोल्या. शेणाच्या लहान गोवऱ्या थापायच्या, मधे काडीने भोक, वाळल्या की माळ. हात भरतात, कपडे भरतात, मोठी माणसं ओरडतात, तरी द्या. वस्त्रमाळेवर ठिपके देणं, बिया ओवणं, बैलाच्या मातीतले खडे वेचणं हीही त्यांचीच कामं. कात्री आणि दाभण मोठ्यांकडे.

अशा वस्तू विकल्या तर?

आधी वर्षभर नात्यागोत्यात द्या. कोणतं दुपटं परत मागतात, कोणतं पेटीत राहतं ते कळेल. मग बचत गटातून दोन-तीन जणींनी मिळून एकच वस्तू घ्यावी, दहा नको. भाव लावताना तासांची मजुरी धरायला विसरू नका. निंदणाच्या रोजाला जेवढे पैसे मिळतात, त्याहून कमी भावात सुई चालवू नये असं माझं ठाम मत आहे.

केलेल्या वस्तू पावसाळ्यात खराब होतात. कशा ठेवायच्या?

कापसाला उंदीर आणि कसर, वळवटाला टोके (धान्यातले किडे), मातीला ओल, असे तिघांचे वैरी वेगळे आहेत. कापूस आणि दुपटी पत्र्याच्या पेटीत, थरांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला. दुपटं बाळाला देण्याआधी झटकून, धुऊन, उन्हात टाका. वळवट घट्ट झाकणाच्या डब्यात, मृगाआधी एकदा पुन्हा वारा देऊन. मातीचा बैल जमिनीवर ठेवू नका, फळीवर राखेच्या थरात ठेवा.

वळवटाच्या डब्यावर केल्याचा महिना लिहा. दुपट्याच्या कोपऱ्यात आतल्या बाजूने, ज्या लुगड्याचं ते केलं त्या बाईचं नाव दोऱ्याने काढा. चार अक्षरं असतात, अर्धा तास लागतो.